लंगड्याच्या दाढेतलं पीस

शेजारच्या काकू मेलेली कोंबडी घेऊन दारात उभ्या होत्या. "ज्यानं मारली त्या कुत्र्याला आजच शेतावरून घालवतो," दादानं शब्द देऊन टाकला.

मांजरं केव्हाच माळ्यावर पळाली होती. स्वतःच रस्त्यावरून उचलून आणलेल्या सहा कुत्र्यांची तोंडं ताई एकेक करून उघडून दाखवू लागली. त्यातल्या लंगड्यावर तर कुणाचा संशयही नव्हता. त्याच्याच दाढेत पांढरं पीस होतं. ताईनं झटकन त्याचं तोंड मिटलं. काकूंना ते दिसलं नव्हतं. दादाला दिसलं.

"आमच्या लंगड्यानंच मारली, काकू," तो म्हणाला.

"मग घालव की!"

"त्याच्यामागं ही ताईपण जाईल. मग गाईंची धार काढायला तुम्ही येणार?"

काकू कोंबडी घेऊन माघारी वळल्या. दादा काकूंच्या बाजूच्या कुंपणासाठी जाळी शोधायला निघाला.