काही झालं नाही त्याचा गूळ

पोरगी एकटी घोडीवर बसून फाटकाबाहेर गेली, मी पिठाचे हात घेऊन दारात आले, आणि आत्याबाई मला म्हणाल्या, "आधी तव्यावरची भाकरी उलट." असल्या वेळी असलं बोलणारी बाई वाघोलीत काय, अख्ख्या पुण्यात दुसरी सापडायची नाही. मी पळायला निघाले तर त्यांनी माझी ओढणी धरून ठेवली. पुढं नगर रस्ता, त्यावर डंपर, आणि माझी तीन वर्षांची पोरगी त्या रस्त्याकडं तोंड करून निघालेली, आणि ही बाई भाकरीचं बोलतेय.

आता त्या कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई वेडी होती. तशी होतीच थोडी, पण ते वेगळं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची चुलत बहीण. आम्ही वाशीमकडचे, त्या लग्न होऊन कधीच्या इकडं आल्या, बोलणंसुद्धा इकडचंच झालं त्यांचं. यांना इकडं कंपनीत काम लागलं तेव्हा आत्याबाईंनी आम्हाला त्यांच्या आवारातली एक खोली दिली. आवारात त्या, आम्ही आणि चिमणी. चिमणी म्हणजे घोडी, वरातीची, पांढरीशुभ्र, आणि एवढी उंच की पत्र्याखाली मान वाकवून उभी राहायची. आत्याबाईंचे मालक वरातीचा धंदा करायचे, ते गेले, घोडी राहिली. लोक म्हणाले विका, तर त्या म्हणाल्या, मग दळण कशावर आणू? आणि खरंच, सत्तरी आली तरी नऊवारीचा काष्टा घट्ट करून त्या घोडीवरूनच गिरणीत जायच्या, येताना डबा मांडीवर. भाजी पण वरूनच घ्यायच्या. भाजीवाला म्हणायचा मावशी उतरा की खाली, तर म्हणायच्या, वरून तुझा काटा नीट दिसतो. एकदा गाड्या तुंबल्या होत्या आणि मागचा मोठ्या गाडीतला माणूस हॉर्नवर हॉर्न देत होता, तर त्यांनी मान वळवून सांगितलं, "दादा, माझी बी उभीच हाय, पर ती वरडत न्हाय." त्या माणसानं काच वर केली.

कपडे वाळत घालायची तर गंमतच होती. दोरी एवढी उंच बांधलेली की माझा हात पुरायचा नाही, कारण दोरी त्यांनी घोडीच्या हिशोबानं बांधलेली. सगळी धुणी खांद्यावर टाकून त्या घोडीवर बसायच्या, पुढ्यात माझी पोरगी, पोरीच्या मांडीवर चिमट्यांची टोपली. घोडी एकेक पाऊल पुढं सरकायची, त्या कपडा टाकायच्या, पोरगी चिमटा द्यायची. यांची अंडरपँटसुद्धा अशी घोड्यावरून वाळत पडायची. पोरगी बोलायला लागायच्या आधी घोडीवर बसायला शिकली. मला भीती वाटायची, पडली तर, लाथ मारली तर. आत्याबाई म्हणायच्या, घोड्यावर बसायचं म्हणजे काय, पडायचं न्हाय, एवढंच तर असतंय.

पण खरी गोष्ट गुळाची. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा एका संध्याकाळी त्या दारात आल्या, हातात गुळाचा खडा. मला वाटलं घरात कुणाला मुलगा झाला, कुणाला नोकरी लागली. मी विचारलं, काय झालं हो आत्याबाई? तर म्हणाल्या, "काय बी झालं न्हाय. म्हणून तर." रोजचं होतं ते. झाडलोट झाली, पाणी आलं, भाकरी झाल्या, धुणी वाळली, घोडीवरून एक चक्कर झाली, आणि बाकी काही झालं नाही, की संध्याकाळी आधी घोडीला गूळ, मग आम्हाला, मग कोपऱ्यावरच्या वॉचमनला. त्याच्या आधी आवारातल्या सगळ्या वस्तूंचा निरोप घ्यायचा. झाडूला म्हणायचं दमलास, पड आता. नळाला म्हणायचं आलास ते बरं केलंस. नळ कधी आला नाही तर त्याच्याशी दोन दिवस अबोला. आणि काही झालं की गूळ बंद, मग ते चांगलं का असेना. त्यांच्या सख्ख्या भाच्याला नोकरी लागली, तो पेढे घेऊन आला, त्या दिवशी आत्याबाईंनी गुळाचा डबा उघडला नाही. म्हणाल्या, आता ह्याच्या मागं कटकट लागली. शेजारच्या सोसायटीत कुणी फॉरेनला गेलं की त्या हळहळायच्या, बिचाऱ्याचा चांगला चाललेला दिवस मोडला.

तर त्या दिवशी असं झालं. चातुर्मास चालू, लग्नं बंद, अधनंमधनं कुणी घोडीला वरातीला न्यायचं तेही कितीतरी दिवस नाही. सकाळची वेळ, मी भाकऱ्या करत होते, दार उघडंच. आत्याबाई धुणं वाळत घालत होत्या आणि एक लुगडं पिळायचं राहिलं म्हणून खाली उतरल्या. पोरगी वरच, टोपली धरून. तेवढ्यात चौकात नवीन मेडिकलचं उद्घाटन, त्यांनी बँड आणलेला, आणि बँडवाल्यांनी वरातीचंच गाणं वाजवायला घेतलं. झालं. चिमणीनं कान उभे केले, मान ताठ केली, आणि नवरदेवाला घेऊन निघते तशी निघाली. दोरीवरचं ओलं लुगडं तिच्या पाठीला अडकलं ते झुलीसारखं मागं लोंबत गेलं. वर पोरगी, हातात चिमटा.

मी ओढणी ओढत होते आणि आत्याबाई सोडत नव्हत्या. म्हणाल्या, "तू पळालीस का ती पळंल. वरातीत जाती तशी ती आधी मारुतीला जाणार, तिथं उभी ऱ्हाणार. मग रस्त्यापल्याड लग्नाच्या कार्यालयात. तिथं दारात भाकरीचा तुकडा ओवाळत्यात, त्यातला तिला मिळतो, म्हणून जाती. हितंच दिला तर कशाला जाईल? पण कच्ची दिली तर थुंकंल आणि निघंल. उलट आधी."

मी उलटली. खरं सांगते, उलटली. हात भाजला ते कळलं पण नाही. जाळावर टाकली तर टम्म फुगली, जन्मात माझी भाकरी एवढी फुगली नव्हती, आणि मी तिच्याकडं बघत रडत होते. मग ती ओढणीत गुंडाळली, आत्याबाईंनी तांब्या घेतला, आणि आम्ही निघालो, चालत. त्यांनी मला चालायला लावलं. वरातीतल्या बायका चालतात तसं. रस्त्यावरचे लोक मोबाईल धरून उभे, एकजण तर घोडीपुढं नाचायला लागला, आणि बँडवाल्यांनी घोडी बघितली तशी त्यांना जास्तच चेव आला, ते मेडिकल सोडून तिच्या मागं आले.

मारुतीच्या देवळासमोर चिमणी उभी होती. दहा पावलांवर नगर रस्ता, गाड्यांचा नुसता आवाज. पोरगी आयाळीला चिमटे लावत बसली होती, रांगेनं. चिमणीनं एक पाय पुढं टाकला. आत्याबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या, रस्त्याकडं पाठ करून. भाकरीचा तुकडा मोडला, पोरीवरून ओवाळला, पाणी ओवाळलं, पोरीच्या डोळ्यांना ओलं बोट लावलं, तुकडा बाजूला टाकला आणि उरलेली भाकरी घोडीच्या तोंडासमोर धरली. घोडीनं वास घेतला. मग तिनं मान खाली घातली आणि खायला लागली. मी पोरीला ओढून घेतलं तर ती म्हणाली, "अजून चिमटे पाहिजेत."

आत्याबाईंनी लगाम धरला आणि बँडमास्तरला म्हणाल्या, सूर मेडिकलात ठेवून आलात वाटतं. घरी येईपर्यंत यांचा कंपनीतून फोन. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ आलाय, घोडीवर पोरगी बसलीय, आपल्या पोरीसारखी दिसते. मी म्हणाले आपलीच आहे, आणि फोन ठेवला.

मी दिवसभर आत्याबाईंशी बोलले नाही. पोरीला खोलीत घेऊन कडी लावून बसले. मनात म्हटलं, आता खोली बदलायची. बाहेर त्यांचा झाडू ऐकू येत होता, राहिलेली धुणी वाळत टाकलेली ऐकू येत होती, घोडीला खरारा केलेला ऐकू येत होता. संध्याकाळी कडी वाजली. दारात आत्याबाई, हातात गूळ. मी म्हणाले, आज कशाला गूळ, आज तर केवढं झालं. त्या म्हणाल्या, "काय झालं? पोरगी घरात हाय, घोडी दावणीला हाय, लुगडं वाळलं. काय झालं सांग." आणि गूळ द्यायला हात पुढं केला तर खडा माझ्या हातात पडायच्या आधीच खाली पडला. तो उचलायला त्या खाली वाकल्या आणि तिथंच उंबऱ्यावर बसल्या, बराच वेळ, उठल्याच नाहीत. मग मी पण शेजारी बसले. पोरगी दोघींच्या मधे येऊन गूळ चाटत बसली. खोली बदलायचं मी नंतर काढलं नाही.

आवार आता बिल्डरकडं गेलं. आत्याबाई भाच्याकडं कात्रजला गेल्या, चिमणीला टेम्पोत घालून. निघताना गूळ दिला नाही, आज झालं ना काहीतरी, म्हणाल्या. आम्ही फ्लॅटमध्ये आलो, भाड्याच्या. दोरी आहे, खिडकीत, हात सहज पुरतो. संध्याकाळी सगळं उरकलं, पाणी आलं, हे घरी आले, पोरगी शाळेतून आली, की मी डब्यातून गूळ काढते. हे हसतात. पोरगी एक खडा खिशात ठेवते, चिमणीला द्यायचा म्हणते, आणि तो धुण्यात विरघळतो.

रोज भाकरी उलटताना मात्र माझा हात एकदा थांबतो. पोरगी रस्त्याकडं निघालीय, ओढणी कुणीतरी धरलीय, आणि भाकरी एका बाजूनं कच्ची आहे. मी उलटली म्हणून पोरगी आज इथं अभ्यासाला बसलीय, की घोडी तशीही मारुतीपाशीच थांबली असती, हे मला अजून कळत नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं? उलटली असती?