सरांच्या नऊ सिंफनी आणि माझा चुकलेला क्रम

आठ महिने मी एका आजारी माणसाला उलटसुलट संगीत ऐकवत होतो.

आणि त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही.

आज सरांना जाऊन एक वर्ष झालं. ही पोस्ट सहा वेळा तपासून टाकतोय. तरी काही राहिलं असेल तर राहू दे.

सर म्हणजे माझे लातूरचे घरमालक. झेडपीचे रिटायर्ड मास्तर. वरच्या चार खोल्या क्लासच्या पोरांना भाड्यानं दिलेल्या, त्यातली एक माझी.

मी कंधारहून डॉक्टर व्हायला आलो होतो.

बारावीच्या फिजिक्सच्या पेपरात दुसराच प्रश्न अडला. चाळीस मिनिटं तोच खोडत बसलो. मग उठलो आणि बाहेर आलो. बाकीचे पेपर दिलेच नाहीत.

घरी जायची हिंमत नव्हती. क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका टाइप करायचं काम धरलं. माझ्या टायपिंगमध्ये चूक सापडत नाही, असं ते म्हणतात.

आमच्या गल्लीत दिवसभर चिडीचूप. पोरं अभ्यास करतात म्हणून कुकरची शिट्टीसुद्धा लोक जपून होऊ देतात.

फक्त संध्याकाळी पाच वाजता सरांच्या खोलीतून सिंफनी. पाऊण तास. शंभर माणसांचा वाद्यवृंद, लातुरात.

सरांच्या बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "लावा तुमचं वादळ. माझे कपडे वाळलेत."

ऐकायला कुणीही यावं. नियम एकच. मधून उठायचं नाही.

सरांनी तरुणपणी हैदराबादच्या जुन्या बाजारातून एका जर्मन संगीतकाराच्या नऊ सिंफनींच्या रेकॉर्ड घेतल्या होत्या. तेव्हा ते औसा तालुक्यातल्या एका गावात शाळेवर होते.

त्र्याण्णवच्या भूकंपात घर पडलं. दोघं वाचले. शेजारची तीन घरं नाही वाचली.

पाचव्या दिवशी ढिगाऱ्यातून रेकॉर्डची पेटी निघाली. लोक बोलले, "माणसं गेली आन् मास्तर गाण्याचे तवे घेऊन चाललेत."

सर पेटी घेऊन लातूरला आले.

सातव्या सिंफनीच्या रेकॉर्डला तडा गेला होता. दर वेळी सुई तिथं अडकायची. सर उठायचे, सुई उचलून थोडी पुढं ठेवायचे आणि परत येऊन बसायचे. वीस वर्षं.

मग त्यांच्या एका विद्यार्थ्यानं जर्मनीहून बॉक्स सेट पाठवला. तेच जुनं रेकॉर्डिंग, रीमास्टर केलेलं. सीडी, जाड पुस्तिका, सगळं.

सातवी लावली. तड्याची जागा आली आणि गेली. वीस वर्षं न ऐकलेले अठरा सेकंद.

सर म्हणाले, "मागं घे जरा."

मी चार वेळा मागं घेतलं.

नंतर सिंफनीतल्या एका शांत जागी ते एकदम म्हणाले, "ऐकलंस? कुणाची तरी खुर्ची वाजली."

काकू म्हणाल्या, "इतक्या लांबून पेटी आली, आन् हे खुर्ची ऐकून राहिले."

पुढं सर पडले. खुब्याचं हाड मोडलं आणि ते कायमचे पलंगावर. सीडी प्लेयर बैठकीत, सर आतल्या खोलीत.

म्हणून मी सगळ्या सीडी पेनड्राइव्हवर घेतल्या. उशाशी छोटा स्पीकर. एक बटण दाबलं की झालं.

माझं काम म्हणजे एकदम नीटनेटकं. एका सिंफनीचे चार-पाच भाग असतात, त्यातल्या प्रत्येक भागाचं नाव देवनागरीत टाइप केलं. नावाआधी ०१, ०२ असे आकडे होते. ते गबाळे दिसत होते, म्हणून काढून टाकले.

आकडे गेल्यावर मशीननं नावं वर्णक्रमानं लावली. पहिला भाग दुसरा झाला. शेवटचा भाग आधी, आणि त्याच्या आधीचा शेवटी.

नऊच्या नऊ सिंफनी. आठ महिने. मी रोज शेजारी बसून ऐकत होतो आणि मला कळलं नाही.

एक दिवस पुस्तिका चाळताना क्रम दिसला. पुस्तिका घेऊन तसाच सरांच्या पलंगाशी गेलो.

"सर, तुम्हाला कळलं नव्हतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू बॅग भरून कंधारला गेला असतास. पेपरातून उठलास तसा."

काकू दारातून म्हणाल्या, "मला रोज म्हणायचे, आज परत जेवणाआधी बडीशेप."

सर हसले. खोकला येईपर्यंत हसले.

मग म्हणाले, "एक चुकलं म्हणून आख्खं फेकायचं नसतं बाबा. सुई उचलायची, पुढं ठेवायची. मार्क किती का पडेनात. तीन तास बसून दाखव मला."

मी हाव म्हणालो.

दोन दिवसांत सगळा क्रम नीट केला. आकडे परत टाकले. रोज एक अशा बरोबर क्रमानं सर आठवीपर्यंत पोचले.

नववी राहिली.

वर्षभर मी ती लावली नाही. आज पाच वाजता लावली. काकू होत्या, वरची तीन पोरं होती. ती सगळ्यात लांब आहे, तासाच्या वर. एका पोराचा मोबाइल दोनदा थरथरला, त्यानं पाहिला नाही.

कुणी उठलं नाही.

काकू शेवटी एवढंच म्हणाल्या, "झालं का? बरोबर लागलं ना?"

"हाव काकू. बरोबर लागलं."

मी या वर्षी परत फॉर्म भरलाय. उद्या फिजिक्स आहे. हॉल तिकीट, दोन पेन, आयडी काढून ठेवलंय. तीनदा पाहिलंय, आता चौथ्यांदा पाहणार नाही.

दुसरा प्रश्न अडेल कदाचित. तिसऱ्यावर जाईन.

सर, लोक आज तुम्हाला श्रद्धांजली वाहतायत. माझी उद्या.

अकरा ते दोन.