नानांच्या पिंडाखालचा लॉगर

माझ्या वडिलांच्या दहाव्याला कावळा शिवला की नाही, हे मला माहीत नाही. आणि त्याची नोंद ठेवायचं काम माझ्याकडेच होतं.

मी पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, मीटर आणि सेन्सर सांभाळतो. तिथे डेटा लॉगर नावाची डबी असते. एरवी ती झोपलेली. तापमान हाताबाहेर गेलं की जागी होऊन मिनिटभराची नोंद लिहिते. (मी नेमका उलटा. काही हाताबाहेर गेलं की मी झोपतो.) नाना गेले तेव्हा मला रडताही आलं नाही. नुसतं सुन्न वाटत होतं, हातांना काहीतरी काम हवं होतं.

आणि काम निघालं. थोरल्या काकांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की साळुंकी, यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं ते आजवर. आई म्हणाली, "तुन्हा बापना येळले तसं व्हवाले नको रे." कावळा शिवेपर्यंत ती घास घेणार नव्हती. मी पत्रावळीखाली वजनाचा सेन्सर बसवला. पाच ग्रॅमचा फरक पडला की लॉगर जागा!

तापीकाठी गोटा केलेलं डोकं, ओलं धोतर आणि मांडीवर लॅपटॉप! महाराजांनी मंत्र थांबवला. "हे काय?"

"कावळाना मीटर शे, महाराज," धाकट्या काकांनी खुलासा केला.

आम्ही सगळे भिंतीआड लपलो. कावळे आले, समोरच्या झाडावर बसले आणि बसूनच राहिले. लॉगरचा तांबडा दिवा डोळे मिचकावतोय, हे मामांनी दाखवलं. मी धोतर सावरत पळालो, दिव्यावर चिकटपट्टी लावली. तेवढ्यात वाऱ्यानं पान हललं आणि नोंद झाली! ती पुसून लॉगर पुन्हा तयार केला. कावळे ढिम्म. तास गेला. आईचं तोंड सुकलं होतं.

मग वचनं सुरू झाली. काका हात जोडून ओरडले, "नाना, गावना प्लॉटकरता मी झगडा करणार नही!"

कावळा नाही.

"बहीणले मी अंतर देणार नही!" मामा म्हणाले. एका कावळ्यानं पाठ फिरवली.

मीही घाबरून ओरडलो, "नाना, आपली पर्वत पाटियाची राहती खोली मी कधी विकणार नाही!" (खोली भाड्याची आहे.)

शेवटी आई उठली. नानांच्या आवडीचा खमणाचा तुकडा तिनं पानावर ठेवला, हात तसाच ठेवून काहीतरी पुटपुटली आणि परत आली. थोड्या वेळानं फडफड झाली. बाहेर येऊन पाहतो तर पिंड अर्धे गायब!

"कावळा!" काका.

"कुत्रं!" मामा.

"मशीनले विचारा!" सगळे.

मी पाहिलं. नोंद एकच. मिलमध्ये पहिला बिघाड जपून ठेवायचा असतो, म्हणून मी सवयीनं लॉगरला सांगून ठेवलं होतं, पहिली घटना लिही आणि बंद पड. पहिली घटना म्हणजे आईचा हात. पूर्ण मिनिटभर, थरथरत्या रेघेसकट. त्यानंतर कावळा आला, कुत्रं आलं की आणखी कुणी, डबीला पत्ताच नव्हता.

आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "शिवला."

घरी आल्यावर तिनं ती रेघ मागून घेतली.

"हाऊ कावळा?"

"हो."

"मिनिटभर बठना?"

"हो."

"मंग तो तुन्हा बाप नही. तो चहाले बी मिनिटभर कधी बठना नही." तिनं रेघेवर बोट ठेवलं. "हाऊ मन्हा हात शे."

दहा दिवस न आलेलं रडू मला तेव्हा आलं. "आई, मग कावळा शिवला की नाही, कुणालाच..."

"शिवना." ती भाकरी मोडत होती. "त्यासना जीव कशामा अडकेल व्हता, ते मी सांगी दिधं ना."

"काय सांगितलंस?"

"पोर्‍या येडा शे, पन मी शे ना त्याकडे ध्यान द्याले. तुम्ही सुखमा जा."

म्हणजे प्लॉट नाही, खोली नाही. नानांचा जीव माझ्यात अडकला होता. आणि पिंडाखाली वायरी जोडणारा त्यांचा मुलगा पाहून कावळे तासभर विचारात पडले, तर त्यात बिचाऱ्यांचं काय चुकलं!