टाकीचा घाम

लोणीच्या दादाभाऊंनी एकतीस वर्षं थंडीची नोकरी केली. हे ते स्वतःच सांगायचे आणि वर म्हणायचे, "काश्मीरला कशाला जाता राव, माज्या टाकीत बोट घालून बघा." दूधसंस्थेच्या लहानशा प्रयोगशाळेत द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्या असत, उणे एकशे शहाण्णव अंशांच्या. त्यात वळूंच्या वीर्याच्या कांड्या बुडवून ठेवायच्या आणि गाय माजावर आली की एक काढून तिच्या गर्भाशयात भरवायची. दादाभाऊंचं काम चोख. पट्टी टाकीत बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची; जिथवर पांढरं धरेल तिथवर नायट्रोजन. नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी बजावत, की टाकीच्या मानेला बाहेरून घाम आला म्हणजे टाकी फुटली समज. चहा पीत बसू नको, आधी कांड्या दुसऱ्या टाकीत हलव.

निवृत्त होताना त्यांनी तीन लिटरची एक जुनी टाकी मागून घरी आणली. तिच्यात हौशाच्या चार कांड्या होत्या. हौशा म्हणजे त्यांच्या मुलानं, आदेशनं, वासरापासून वाढवलेला खिल्लार वळू. संस्थेनं तो पैदाशीला नेला होता. पुढे आदेश करोनात गेला, सव्वीस वर्षांचा, आणि वर्षभरात हौशाही गेला. पोराच्या हातचं म्हणावं असं मागे एवढंच राहिलं. घरची कालवड वयात येईल, तिला हौशाची कांडी भरवू, आदेशच्या वळूचं वासरू अंगणात हुंदडेल. या एका आशेवर नवराबायको दिवस काढत होती.

टाकी माजघरात, आदेशच्या फोटोखाली असे. झाकणाला हात लावायचा नाही, अशी बायकोला, प्रयागबाईला, ताकीद होती आणि ती तिनं पाळली. दर शनिवारी दादाभाऊ पट्टी घालून बघत, संस्थेत नायट्रोजनची गाडी आली की भरून आणत. घट बसल्यानंतरच्या शनिवारी पट्टीवरचं पांढरं नेहमीपेक्षा दोन बोटं खाली आलं. ऊन वाढलंय, उडत असेल, असं म्हणून त्यांनी टाकी वरपर्यंत भरली. दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं, तर त्याची त्यांनी बिनपाण्यानं केली असती.

पुढचा शनिवार नेमका खंडेनवमीचा आला. विळा, कुऱ्हाड, फाळ यांच्या रांगेत प्रयागबाईनं टाकीही मांडली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. हत्यारं एकदा पुजली की दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही घरची रीत. दादाभाऊंनी पट्टी खुंटीला तशीच राहू दिली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच कालवड हंबरायला लागली. ती माजावर आली होती. प्रयागबाईच्या तोंडावर तीन वर्षांनी हसू दिसलं. दादाभाऊंनी माळ बाजूला केली आणि झाकण उचललं. नेहमीचा पांढरा धूर आलाच नाही. पट्टी घातली, काढली, हलवली, पुन्हा घातली. ती कोरडीच राहिली.

बायकोला काही न बोलता त्यांनी एक कांडी खिशात घातली आणि संस्थेत जाऊन तिच्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यांच्या जागेवर आता आरती नावाची मुलगी काम करते. तिनंही डोळा लावला. काचेवर काहीच हलत नव्हतं.

"दादा, दुसऱ्या चांगल्या वळूची देते ना कांडी," ती हळूच म्हणाली. "काकूंना काय कळतंय?"

"न्हाई कळायचं," दादाभाऊ म्हणाले. "पर ती त्या वासराला आदेशचं म्हणून कुरवाळंल. मला न्हाई बघवायचं ते."

घरी आले तेव्हा प्रयागबाई कालवडीला अंघोळ घालून, कुंकू लावून, दाव्याला धरून उभी होती. सांगायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

तीच आधी बोलली. "आवो, टाकीला काय झालं व्हतं का? पंधरा दीस पहाटं मानंला नुसता घाम. माज्या लेकाची वस्तू, वली कशी ठिवू? तुमी उठायच्या आत रोज पुसून घ्यायची मी."

एकतीस वर्षं अख्ख्या तालुक्यातल्या पोरांना दादाभाऊंनी जे घोटून घोटून शिकवलं, ते घरात एकदाही सांगितलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आता खरं सांगितलं, तर ही बाई उरलेला जन्म घाम पुसलेल्या आपल्याच हातांकडे बघत काढील, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

"काय न्हाई झालं," ते म्हणाले. "धर नीट."

आणि एकतीस वर्षांत कधी केलं नाही ते त्यांनी केलं. मेलेली कांडी कोमट पाण्यात धरली, पुसली, आणि सगळं शास्त्रशुद्ध करून कालवडीला भरवली. एकवीस दिवसांनी ती पुन्हा माजावर येणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"गाभण न्हाई राहिली तर?" प्रयागबाईनं विचारलं, आणि आपणच उत्तर दिलं, "अजून तीन हाईत की."

टाकीत दोनच उरल्या होत्या, तरी दादाभाऊंनी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना जाग आली तेव्हा ती टाकी पुसत होती. फडकं उजेडाला धरून तिनं पाहिलं. ते कोरडं होतं.

"आता घाम येत न्हाई बगा," ती समाधानानं म्हणाली. "बरी झाली टाकी."