गुरुवारच्या दुपारची मुलं

खुळखुळाबाई हे नाव मीच ठेवलं, पण ते त्यांच्या तोंडावर घ्यायची हिंमत मला कधी झाली नाही. समोर आम्ही सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचो. त्या मुलांच्या दवाखान्यात नर्स होत्या आणि मी त्यांची मदतनीस. नाकावर माशी बसू देणार नाहीत असा स्वभाव. पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळायची आणि पोरांच्या आया मात्र त्यांना चळाचळा कापायच्या.

कापायच्या त्या चिठ्ठीमुळे. मूल वयाप्रमाणे बसतं का, बोट दाखवतं का, हाकेला वळतं का, हे एकेक करून बघायचं, एवढंच आमचं काम. जमलं तर कार्डावर बरोबरची खूण. नाही जमलं तर मोठ्या केंद्रात पुढच्या तपासणीला जाण्याची चिठ्ठी. चिठ्ठीवही उघडली की आयांचे चेहरे उतरायचे. कुणीतरी हमखास म्हणायची, "अहो, उशिराच बोलणार तो, बापावर गेलाय." बाई मान वर न करता लिहीत राहायच्या. "बापाचं सोडा, त्याचं वय गेलं. याचं अजून आहे."

पहिल्या तीन वर्षांत मूल जे सहज उचलतं, ते पुढे शिकवायला दहापट कष्ट पडतात, असं त्या प्रत्येकीला सांगायच्या. एकतीस वर्षं सांगितलं. मला ते पाठ झालं होतं, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही आला होता.

नऊ महिन्यांच्या मुलांचे कान तपासायला आम्ही दोघी लागायचो. मूल आईच्या मांडीवर. मी समोर बसून बाहुली नाचवायची, मूल बघायला लागलं की ती पदराआड करायची. तेवढ्यात बाई मागून, हातभर अंतरावर, कानाच्या रेषेत खुळखुळा हलवायच्या. पत्र्याची एवढीशी डबी आणि आत तांदळाचे दाणे, त्यांनीच केलेला. मूल आवाजाकडे वळलं की मी मान हलवायची आणि त्या खूण करायच्या. या कामापुरत्या त्या बांगड्या काढून ठेवत, पायात रबरी चपला घालत, त्या दिवशी पावडरसुद्धा लावत नसत. "मी मागे आहे हे मुलाला वासानंही कळता कामा नये," म्हणायच्या. मला हसू यायचं.

मग दवाखान्याची डागडुजी निघाली आणि आम्हाला दहा महिने मागच्या खोलीत टाकलं. खोली अडगळीचीच, पण तिला एक मोठी खिडकी होती. मंगळवारी सकाळी आणि गुरुवारी दुपारी तपासणी असायची. दुपारी त्या खिडकीतून ऊन थेट माझ्या तोंडावर यायचं आणि मी डोळे बारीक करून बसायचे. "या खोलीत पोरं कशी पटापट वळतात, नाही?" असं मी एकदा म्हटलंही. बाई म्हणाल्या, "तुझी बाहुली आता जरा बरी नाचायला लागलीय." बाईंच्या तोंडून कौतुक म्हणजे दुर्मिळ गोष्ट. मी चार दिवस हवेत होते.

दोन वर्षांनी एक तीन वर्षांची मुलगी इंजेक्शनला आली. माझ्या हातून स्टीलचा ट्रे फरशीवर पडला. अख्खा दवाखाना दचकला, आणि ती मुलगी आपली बुटाचा बंद सोडत बसली होती. तिची आई मला म्हणाली, "असू दे हो, ती शांतच आहे." बाईंनी मुलीचं जुनं कार्ड काढून आणलं. वय नऊ महिने, दोन्ही कान, बरोबर, बरोबर. खाली त्यांची सही.

त्या मुलीला घेऊन बाई मागच्या खोलीत गेल्या. दुपारचे चार वाजले होते. मी समोर बसले. बाईंनी मागून डावीकडे हात नेला, पण खुळखुळा घट्ट मुठीत धरून, दाणा न वाजवता. मुलगी डावीकडे वळली. उजवीकडे नेला, उजवीकडे वळली. मग मलाही दिसलं. बाईंच्या पाठीमागून ऊन येत होतं आणि त्यांच्या हाताची सावली मुलीच्या शेजारी जमिनीवर सरकत होती. बाईंनी पडदा ओढला आणि खुळखुळा कानाशी जोरजोरात वाजवला. मुलीनं मान हलवली नाही.

मागे उभं राहणाऱ्याला आपली सावली कुठे पडते ते कळत नाही, पण समोर मी होते. उन्हाला कुरकुरत मी तिथे दहा महिने बसले आणि मला ते दिसलं नाही. याबद्दल मला कुणी कधी बोललं नाही, बाईसुद्धा नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या मुलीची चिठ्ठी लिहून झाल्यावर बाई रजिस्टर घेऊन बसल्या. त्या खोलीत, गुरुवारी दुपारी तपासलेली मुलं निघाली त्रेसष्ट. त्यांनी ती यादी डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टर माणूस वाईट नाही, पण घाबरट. म्हणाले, "बाई, दोन महिन्यांनी तुम्ही निवृत्त होणार. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"त्या मुठीत त्रेसष्ट मुलं आहेत, डॉक्टर," बाई म्हणाल्या आणि यादी परत उचलून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून काम संपलं की त्या पत्ते शोधत निघायच्या. मीही जायचे. फार इच्छेनं जात होते असं नाही, पण घरी बसणं त्याहून कठीण होतं. निवृत्तीचा हार गळ्यातून काढला तसं आम्ही रविवारीही जायला लागलो. लोकांना आमचं येणं आवडायचं नाही. "तेव्हा पास केलंत, आता नापास करायला आलात?" असं एका बापानं दारातूनच विचारलं. एका घरी मुलीनं अख्खी कविता म्हणून दाखवली. बाईंनी ती तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतली आणि जिना उतरताना त्या एकट्याच हसत होत्या. आठ कुटुंबं गाव सोडून गेली होती. पत्रं टाकली, त्यातल्या तीन मुलांचा पत्ता अजून लागलेला नाही.

बाकी सगळ्यांचे कान चांगले निघत गेले. एकेक नाव खोडताना मला हायसं वाटायचं. एक दार उरलं, तेव्हा मी बाईंना म्हटलंही, "सुटलो बहुतेक."

शेवटचं घर शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं होतं. एकच खोली, खिडकीशी मशीन, मशीनखाली कापडाच्या चिंध्या. तिचा साडेतीन वर्षांचा मुलगा तिथेच बसून दोऱ्याची रिळं एकावर एक रचत होता.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. तिनं बाईंना लगेच ओळखलं. "याला जरा दम द्या. कुणाचं म्हणून ऐकत नाही."

"बोलतो का?" बाईंनी विचारलं.

"कसला बोलतोय, नुसता आ-आ करतो. कळतं सगळं, ढोंगी आहे. सासूबाई माझ्या मागे लागल्या होत्या, याच्या कानात काहीतरी आहे, दाखवून आण. मी तुमचं कार्डच त्यांच्या पुढ्यात टाकलं. नर्सबाईंनी तपासलंय म्हटलं, तुम्हाला जास्त कळतं का? मग बसल्या गप्प."

कपाटातून तिनं ते कार्ड काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं, एक सुरकुती नाही.

बाईंनी पडदा लावायला सांगितला आणि बांगड्या काढल्या. मी मुलासमोर बसले. खुळखुळा डावीकडे वाजला, मग उजवीकडे. मग बाईंनी पातेलं आणि डाव घेऊन मागून बडवलं, इतकं की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. मुलानं लाल रीळ निळ्या रिळावर ठेवलं आणि हात लांब धरून ते पडतंय का ते बघितलं.

"बघितलंत? असाच करतो," त्याची आई म्हणाली. "थांबा, मी दाखवते." तिनं दणदणीत हाक मारली. माझी नजर तिच्याकडे गेली. मुलानं माझे डोळे वळलेले पाहिले आणि मग तो आईकडे वळला.

बाई जमिनीवर बसल्या. "कार्ड चुकीचं आहे," त्या म्हणाल्या. "तपासणी माझी चुकली. याला ऐकू येत नाही. तेव्हाही येत नव्हतं."

तिनं कार्डावरच्या खुणेवर बोट ठेवलं. "म्हणजे मुद्दाम नाही करत?"

"नाही."

"मी मारते हो त्याला. हाकेला ओ देत नाही म्हणून. रोजच मार बसतो एखादा." मग तिनं अगदी हळू विचारलं, "मार कशाचा बसतोय, हे तरी त्याला कळत असेल का?"

एकतीस वर्षं प्रत्येक आईसाठी बाईंकडे काही ना काही सांगायला असायचं. मला वाटलं, आता तरी त्या काहीतरी गोड बोलतील. मी मनातल्या मनात तशी विनवणीच करत होते.

"नाही कळत," बाई म्हणाल्या.

त्यांनी चिठ्ठीवही माझ्यापुढे सरकवली. चिठ्ठी मी लिहिली आणि त्यांनी खाली सही केली. तोवर त्याची आई उठून त्याच्यापाशी गेली होती. त्याच्या केसांवरून हात फिरवावा म्हणून ती वाकली. येणारा हात त्याला दिसला. रिळं टाकून त्यानं दोन्ही हातांनी आपलं डोकं झाकून घेतलं.