दिव्याचा आरसा

चाळिशी लागली तेव्हापासून काजळ घालणं ही माझी परीक्षाच झाली होती. चष्मा डोळ्यांवर ठेवला की काडी डोळ्यापर्यंत पोचत नाही, काढला की डोळाच दिसत नाही. लेक घरी होती तोवर तीच घालून द्यायची. ती नोकरीला पुण्याला गेली, आणि नणंदेच्या मुलाचं लग्न चार दिवसांवर आलं. मग ठरवलंच, बाथरूममध्ये लावायला मोठं दाखवणारा, दिव्याचा आरसा घ्यायचा.

माहेरहून, पिशोरहून आई आलेली होती. तीही पदर खोचून निघाली.

क्रांती चौकातल्या आरशांच्या दुकानाचे मालक वयस्कर, अदबीचे; गिऱ्हाईक बाईला 'बाजी', म्हणजे ताई म्हणणारे. त्यांनी आधी दहापट दाखवणारा आरसा पुढं केला. मी डोकावले आणि मागंच सरले. नाकावरचं एकेक छिद्र विहिरीएवढं! ते हसले. "बाजी, ये तो डॉक्टरों का काम है. तुम्ही हा पाचपटवाला बघा."

कडेचा दिवा लागला आणि मला माझ्या पापण्या दिसल्या. चष्म्याशिवाय! एकेक केस वेगळा. मी भर दुकानात ओरडले, "आई, दिसतंय गं!"

"सरक, मला बघू दे."

आईनं तोंड जवळ नेलं. इकडं वळवलं, तिकडं वळवलं. मग तिचं बोट हनुवटीवर गेलं.

"अगं, माझं गोंदण! हाय की अजून!"

तो हिरवा ठिपका सुरकुत्यांत कधीच विरून गेला, असं ती धरून बसली होती. लहानपणी बाजारात गोंदताना आपण लई रडलो, मग गोडीशेव मिळाली, हे सगळं ती मालकांना सांगत सुटली. तेही काउंटरवर कोपर टेकून ऐकत राहिले.

वायरचा आरसा देखणा होता, पण आमच्या बाथरूममध्ये गिझरचा सोडून दुसरा पॉइंट नाही. म्हणून सेलवर चालणारा, भिंतीच्या फरशीला चिकटणारा घेतला. आईनं कोपरानं ढोसलं. "दोन घे. एक मी नेते."

लग्नाच्या सकाळी दोन्ही डोळ्यांत काजळ एका दमात घातलं. कार्यालयात नणंद बघतच राहिली. "वहिनी, पार्लरला गेलतीस व्हय?"

मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली, "नाय बाई, बाथरूमला!"

लग्नानंतरची सत्यनारायणाची पूजा आटोपली त्याच्या दुसऱ्या दिवशी नणंद घरी आली. चहाही घेतला नाही; पर्समधली काजळाची काडी काढून थेट बाथरूममध्ये शिरली आणि आतून कडी लावली.