काढल्याचं कारण

शेलूबाजारात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि आसपासच्या गावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिनही मीच. सोयाबीनचा भाव, हरवलेली गाय, जीपची वेळ, सगळं त्या ग्रुपवर. आधीचा अ‍ॅडमिन मनात आलं की कुणालाही काढून टाकायचा. म्हणून मी आल्या आल्या छाती ठोकून नियम केला: कुणाला काढलं तर कारण सगळ्यांसमोर सांगायचं. त्या नियमाचा मला भारी अभिमान होता.

एका दुपारी पापड-कुरडया विकणारी एक बाई दुकानात आली. तिच्या ऑर्डरी ग्रुपवरूनच यायच्या. तिने फोन माझ्यापुढे ठेवला. ग्रुपमधला एक बियाण्यांचा दुकानदार, चांगला मानाचा माणूस, तिला खासगीत नको नको ते लिहीत होता.

"भाऊ, याले काढा," ती म्हणाली. "पन माह्यं नाव कोठी निंगू देऊ नका. घरी समजलं तं फोन जाईन माह्या हातातला."

मी शब्द दिला आणि तिच्यासमोरच त्याला काढलं.

ती गेली नाही तोच ग्रुपवर विचारणा सुरू झाली. कारण सांगा, नियम तुमचाच ना? खासगी बाब आहे, असं मी लिहिलं. मग त्याच्या दोस्तांनी मला धारेवर धरलं. एकाने लिहिलं, जात पाहून काढलं. दुसऱ्याने जुनं भांडण उकरलं. इतकी वर्षं फुकट राबतोय आणि वर हे ऐकायचं? माझं डोकंच फिरलं. 'ग्रुपमधल्या एका ताईंना घाणेरडे मेसेज पाठवत होता,' असं लिहून मोकळा झालो. नाव घेतलं नाही, म्हणून स्वतःला शहाणाही समजलो.

ग्रुपमध्ये बाया होत्या तीन. एक सत्तरीची निवृत्त शिक्षिका, दुसरी त्या दुकानदाराची सख्खी बहीण. हे लक्षात आलं तेव्हा मी घाईघाईने मेसेज पुसला, पण तोवर तो पार तिकडच्या अनसिंग गावापर्यंत पोचला होता.

त्या दिवशी तिला फोन लावायची माझी छातीच झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लावला. उचलला पुरुषाने.

"कोन बोलून राह्यलं?"

माफी मागायची होती. तोंडातून निघालं, दोन किलो पापड पाहिजे होते. माझीच मला लाज वाटली.

"पापड बंद केले आमी," तो म्हणाला. "हा नंबर आता माह्याजवळ राह्यते."

मी बरं म्हणून फोन ठेवला.